शारजा, अल मजाज : आमच्या बिल्डिंगखालची केरळी ग्रोसरी, एप्रिल २०२४ च्या पावसासकट रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी पाच. नुसती भाजी बघितली तर तीन देईन आणि पालेभाजीला दोनच, पण १६ एप्रिल २०२४ च्या पावसात ज्यांनी शारजात दिवस काढलेत त्यांना कळेल मी पाच का देतेय. आणि ज्यांनी नाही काढले, म्हणजे आत्ता नवीन येऊन अल मजाज, अल खान, कासिमिया वगैरे भागात फ्लॅट बघतायत, त्यांच्यासाठी तर मुद्दाम लिहितेय. फ्लॅट बघताना आपण पार्किंग विचारतो, एसी फ्री आहे का विचारतो, शाळेची बस कुठे थांबते ते विचारतो. बिल्डिंगखालचं दुकान कोण चालवतं, किती वर्षं चालवतं हे कोणी विचारत नाही. विचारा.

दुकान तसं इथे दर बिल्डिंगखाली असतं तसंच आहे. दारात पाण्याच्या बाटल्यांची थप्पी, आत शिरलं की डावीकडे खुबूसचं, म्हणजे इथल्या चपट्या अरबी रोटीचं, रॅक, अंडी, मग फ्रिजमध्ये अल मराईचं दूध, लबान म्हणजे ताक, दही, समोर मॅगी, चिप्स ओमान, केळ्याचे वेफर्स, खाली मट्टा म्हणजे केरळी लाल तांदळाच्या आणि पिठाच्या पिशव्या. दोन माणसं समोरासमोर आली की एकाने मागे सरकायचं एवढीच जागा. चालवणारे कण्णूरचे, पन्नाशीच्या पुढचे, सगळे त्यांना इक्का, म्हणजे मल्याळममध्ये दादा, म्हणतात. डिलिव्हरीला दोन मुलं, एक कासरगोडचा, एक चितगावचा. भाव सुपरमार्केटपेक्षा पाव-अर्धा दिरहॅम जास्त असतो, ते मान्य करून चला. पण फोन करून "इक्का, एक कोथिंबीर आणि दोन लिंबं" एवढंच सांगितलं तरी मुलगा वर येतो, कमीत कमी अमुक दिरहॅमची ऑर्डर हवी असली भानगड नाही.

आता पावसाचं. मुंबईच्या नातेवाईकांना अजूनही पटत नाही की १४२ मिलिमीटर पावसात दुबईचा एअरपोर्ट कसा बुडला. आमच्या दीरांनी फोनवर सरळ सांगितलं, २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता, तुमचं काय एवढं. खरंय, मुंबईत १४२ म्हणजे जुलैमधला एक जोराचा दिवस. पण दुबई एअरपोर्टला अख्ख्या वर्षाची सरासरीच ९४.७ मिलिमीटर आहे, म्हणजे दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात. अल ऐनजवळ खत्म अल शकलाला तर २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटरवर गेला, १९४९ पासून इथे नोंदी ठेवतायत त्यात एवढा कधीच नाही. आणि पाणी जाणार कुठे, बऱ्याच रस्त्यांना गटारच नाही, कारण वर्षातून मोजकेच दिवस पडणाऱ्या पावसासाठी कोण कशाला बांधेल. जमीन सपाट, वरून सिमेंट आणि डांबर, आणि समुद्राजवळच्या भागात खणलं की थोड्याच खोलीवर पाणी लागतं, त्यामुळे जिरायलाही जागा नाही. जे साचलं ते साचलं, मग टँकर येणार, पाइप टाकून ओढणार, लांब नेऊन ओतणार, परत येणार.

घरांचीही तीच कथा. आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी छत्री, मेणबत्ती, टॉर्च बघून ठेवतात, गावाकडे इन्व्हर्टर असतो. इथे लाइट जातच नाही हो. वर्षानुवर्षं जात नाही. त्यामुळे कोणाच्याही घरात काडेपेटी नाही, मेणबत्ती असलीच तर वाढदिवसाच्या केकची. सरकत्या खिडक्या धूळ अडवायला ठीक, पण वाऱ्याबरोबर आडवा पाऊस आला की खालच्या पट्टीतून पाणी आत. सोमवारी रात्रीपासून विजा सुरू झाल्या त्या मंगळवारी, म्हणजे १६ तारखेला, दिवसभर अधूनमधून चालूच, आणि दुपारनंतर असा अंधार झाला की घरातले सगळे दिवे लावले. दुबईत आकाश हिरवट झालेले व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, ते खरे होते. घरातले सगळे टॉवेल आणि माझ्या दोन जुन्या चादरी खिडक्यांशी गेल्या, मी पिळतेय, मुलगी बादली ओततेय, आणि आई म्हणजे माझ्या सासूबाई देवासमोर बसून जप करतायत. नवरा दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला, जेबेल अलीला वेअरहाऊसमध्ये अडकला होता. दुबईहून शारजाकडे येणारे रस्ते पाण्याखाली, शेख झायेद रोडवर गाड्या अर्ध्या बुडालेल्या, त्याला म्हटलं आहेस तिथेच राहा, निघूच नकोस.

सूचना मिळाली नव्हती असं अजिबात नाही. शाळा ऑनलाइन केल्या होत्या, घरून काम करा सांगितलं होतं, फोनवर अलर्ट येत होते, ओमानमध्ये रविवारीच वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्राला, पूर येऊन शाळेची मुलं वाहून गेल्याची बातमी आली होती. पण ईदची मोठी सुट्टी नुकतीच संपलेली, घरातला किराणा त्या सुट्टीतच संपलेला, आणि पाऊस म्हणजे इथे मुलांना बाल्कनीत नेऊन दाखवायची गोष्ट, त्यासाठी सामान भरून ठेवायचं हे कोणाच्या डोक्यात येणार.

इक्कांच्या डोक्यात आलं होतं. सोमवारी संध्याकाळीच त्यांनी खालच्या रॅकवरच्या तांदळाच्या, पिठाच्या, साखरेच्या पिशव्या वरती चढवल्या, फ्रिजखाली विटा घातल्या, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना मेसेज केला की पाणी आणि दूध आजच घेऊन ठेवा. मी दोन मोठ्या बाटल्या आणि अंडी मागवली ती त्या मेसेजमुळेच. नंतर विचारलं तर म्हणाले, २०१८ चा केरळचा पूर पाहिलाय दीदी, पाणी आधी तळाचा माल खातं. दुकानाला तीन पायऱ्या आहेत. पाणी तिन्ही चढलं आणि आत घोटाभर आलं, पण धान्याची एक पिशवी भिजली नाही.

मंगळवारी रात्री आमच्या बिल्डिंगची लाइट गेली, इलेक्ट्रिक रूम बेसमेंटला आणि बेसमेंट भरलेलं. लाइट गेली म्हणजे काय काय जातं ते इथे पहिल्यांदा कळलं. लिफ्ट गेली, एसी गेला, पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही, वायफाय नाही, फोनची बॅटरी उतरत चाललेली. गॅस होता, पण शेगडीचं बटण दाबून ठिणगी पडते ती विजेवर, त्यामुळे गॅस असून पेटवायचा कसा हा प्रश्न. शेजारी एक इजिप्शियन कुटुंब आहे, त्यांच्याकडे सिगारेटचा लायटर होता, त्या एका लायटरवर आमच्या मजल्यावरच्या सगळ्या शेगड्या पेटल्या.

बुधवारी सकाळी बघते तर लख्ख ऊन, निळं आकाश, आणि खाली रस्ता नाहीच, नुसतं पाणी. गाड्यांचे फक्त टप दिसतायत. मी एका मोठ्या ॲपवर पाण्याची ऑर्डर टाकली, नाव लिहीत नाही, पैसे लगेच कापले गेले आणि दुपारी कॅन्सलचा मेसेज. दुसऱ्यावर तर तुमच्या भागात सेवा उपलब्ध नाही असंच येत होतं. त्यांची बाइक येणार तरी कुठून म्हणा. ती मुलं बिचारी कुठेतरी अडकलेलीच असणार.

आणि खालून हाक आली. बाल्कनीतून वाकून बघितलं तर कासरगोडचा तो मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा, डोक्यावर खुबूसची पिशवी, आणि पुढ्यात पाच गॅलनच्या पाण्याच्या बाटल्या पाण्यातून ढकलत आणतोय. भरलेली बाटली जमिनीवर उचलायची तर एकोणीस किलो, पण पाण्यात तिचं वजन लागत नाही, बोटाने ढकलली तरी पुढे सरकते, हे त्याने बरोबर हेरलं होतं. मासळीचा थर्माकोलचा खोका दोरीने कमरेला बांधलेला, त्यात अंडी, दूध, मेणबत्त्या. तो एकेका बिल्डिंगखाली थांबून ओरडायचा, वरून लोक दोऱ्या सोडायचे. कोणाची कपड्याची दोरी, कोणाची ओढणीला ओढणी बांधलेली. गिरगावातल्या चाळीत वरून टोपली सोडून भाजी घ्यायचे ना, अगदी तसं, फक्त खाली फेरीवाल्याच्या जागी हा पोरगा आणि रस्त्याच्या जागी पाणी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आमची दोरी पुरली. वरच्या मजल्यांचं सामान आमचा नातूर, म्हणजे वॉचमन, जिन्याने नेत होता. नवव्या मजल्यावर एक वयस्कर गोव्याचं जोडपं आहे, काकांना डायलिसिस नाही पण शुगरची इंजेक्शनं आहेत, ती फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. त्यांच्यासाठी इक्कांनी स्वतःच्या बंद फ्रीझरमधला उरलेला बर्फ वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवला, विचारायच्या आधी. हे मी ऐकीव सांगत नाहीये, तो पुडका जिन्यात माझ्या हातातून पुढे गेलाय.

पैशांचं काय केलं तर वही. कार्डची मशीन बंद, एटीएमपर्यंत जाता येत नाही, रोख कोण ठेवतं हल्ली. इक्कांनी एक दोनशे पानी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवली होती, त्यात मल्याळममध्ये सामान आणि समोर फक्त फ्लॅट नंबर. ज्यांना ते ओळखत नव्हते, मागच्या बिल्डिंगमधले लोक, पाकिस्तानी, फिलिपिनो, कोणीही, त्यांनासुद्धा दिलं. मी म्हटलं, इक्का, हे पैसे कसे येणार परत? "आएगा दीदी, नहीं आया तो भी पानी तो देना पडता है ना." लाइट आल्यावर मी हिशेब करायला गेले आणि प्रत्येक ओळ तपासली, कारण मला सवय आहे. पाणी नेहमीच्याच भावाने लावलं होतं. अंडी नेहमीच्या भावाने. मेणबत्तीचं पाकीट, ज्याला त्या दिवशी कोणीही तिप्पट दिले असते, तेही छापील किमतीला. डिलिव्हरीचं वेगळं काही नाही. दूध-दही तर त्यांनी पहिल्याच दिवशी अर्ध्या भावात काढलं, खराब होण्याआधी संपू दे म्हणून, आणि आइस्क्रीम मुलांना फुकट वाटलं. माझ्या मुलीच्या मते त्या पावसातली सगळ्यात मोठी घटना हीच.

त्या बुधवारी रामनवमी होती. आईंचा नियम आहे, रामजन्माला सुंठवडा पाहिजेच, पाऊस असो पूर असो. मला वाटलं ह्या वर्षी साखरेवर भागवावं लागणार. तरी दोरीबरोबर चिठ्ठी सोडली, सुंठ आहे का. आली की वर! केरळी लोक सुंठेची कॉफी करतात, त्यामुळे सुंठ यांच्याकडे बारा महिने असते, हे लक्षात ठेवा. सुकं खोबरंही आलं. खसखस इथे तशीही घालत नाही आपण, यूएईत तिला बंदीच आहे, नवीन आलेल्यांनी बॅगेतून चुकूनही आणू नका. मिक्सर बंद, म्हणून आईंनी खलबत्त्यात कुटला आणि बरोबर दुपारी बाराला पाळणा म्हटला. चमचा-चमचा सुंठवडा द्रोणात घालून त्याच दोरीने खाली सोडला. इक्कांनी पाण्यात उभं राहूनच खाल्ला आणि वर बघून दोन बोटं दाखवली, अजून एक पाठवा म्हणून.

आता जे चांगलं नाही तेही सांगते, रिव्ह्यू आहे. पालेभाजी घेऊ नका. मेथी-पालक जे येतं ते सकाळी बरं असतं, संध्याकाळी माना टाकलेली. एक्सपायरी डेट स्वतः बघा, विशेषतः मागच्या रॅकवरची बिस्किटं आणि मसाल्याची पाकिटं. पोहे एकाच प्रकारचे, जाड-पातळ असं काही विचारू नका. कांदा लसूण मसाला, भाजणी, मेतकूट असलं काही नाही, त्यासाठी बर दुबईला मीना बझारला जावं लागतं नाहीतर गावाहून येणाऱ्याला सांगावं लागतं. व्हॉट्सॲपला उत्तर उशिरा, फोनच करा. चितगावच्या मुलाला हिंदी बेताचीच येते, त्याला साबुदाणा म्हणा की शाबू, समजत नाही, फोटो पाठवा, मग बरोबर आणतो.

ह्या दोन मुलांबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. आमच्या भागात पाणी आठवड्याच्या वर हललं नाही. पहिल्या दोन दिवसांत ते पावसाचं पाणी होतं, नंतर त्यात ड्रेनेज मिसळलं, हिरवं-काळं झालं, वास यायला लागला, डॉक्टर सांगायला लागले की त्यात उतरू नका, पोटाचे आणि त्वचेचे त्रास होतायत. ही मुलं रोज त्यात उतरत होती. गमबूट होते, पण कमरेएवढ्या पाण्यात गमबुटाचा काय उपयोग, तो आतूनच भरतो. त्यांच्या पायाची बोटं मी बघितलीत, मधली कातडी पांढरी पडून सोललेली. आमच्या मजल्यावरच्या एका नर्सने त्यांना मलम दिलं, रोज पाय धुऊन कोरडे करायला लावलं, आणि आम्ही बायकांनी मिळून ठरवलं की जिन्यापर्यंत सामान घ्यायला आपली माणसं खाली जातील, मुलांना वर चढवायचं नाही. महिनाअखेर सगळ्या फ्लॅटनी मिळून त्यांना एक पाकीट दिलं. तुम्ही त्या दुकानातून काही मागवलंत तर टीप ॲपवाल्यांना देता तशी ह्यांनाही द्या, हातात द्या.

काउंटरवर तेव्हा एकच विषय, की हा पाऊस सरकारनेच विमानाने ढगांवर मीठ फवारून, म्हणजे क्लाउड सीडिंग करून, पाडला. व्हॉट्सॲपवर तेच फिरत होतं. हवामान खात्याने स्पष्ट सांगितलं की त्या वादळात सीडिंगची विमानं उडवलीच नाहीत, आणि एवढं मोठं वादळ ओमानपासून इराणपर्यंत पसरलेलं, काही दिवस आधीच अंदाजात दिसत होतं, ते मीठ फवारून तयार होत नसतं. शास्त्रज्ञांच्या एका गटाने नंतर अभ्यास केला त्यात असं आलं की एल निनोच्या, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या वर्षांत ह्या भागातला सगळ्यात जोराचा पाऊस पूर्वीपेक्षा १० ते ४० टक्क्यांनी वाढलाय. म्हणजे पुन्हा होऊ शकतो, हे धरूनच चालायचं. दुबईने त्या जूनमध्ये तसरीफ म्हणून ३० अब्ज दिरहॅमची पावसाच्या पाण्याची योजना जाहीर केली, ती २०३३ पर्यंत पुरी व्हायचीय, आणि ती दुबईची आहे, शारजातल्या आपल्या गल्लीची नाही.

इक्कांनी तोवर थांबायचं ठरवलं नाही. २ मेला पुन्हा मोठ्या पावसाचा इशारा आला तेव्हा दुकानात जाऊन बघा काय तयारी होती. सगळ्यात खालचं रॅक काढूनच टाकलेलं, फ्रिज लोखंडी स्टँडवर, दारात वाळूच्या गोण्या. आधीच्या पावसात एका फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला, इन्शुरन्स नव्हता, ते पैसे त्यांच्या खिशातूनच गेले, तरी भाव वाढवून काढले नाहीत. काउंटरशेजारी आता एक नवीन कप्पा आहे, मेणबत्त्या, काडेपेट्या, लायटर, टॉर्च, पॉवर बँक आणि जाड नायलॉनची दोरी, वीस मीटरची गुंडाळी. तो पाऊस आमच्याकडे एप्रिलपेक्षा पुष्कळच कमी पडला, लाइटही गेली नाही, पण दोरी बिल्डिंगमध्ये जवळपास सगळ्यांनी घेऊन ठेवलीय. मीही घेतली, बाल्कनीच्या कठड्याला एक टोक बांधूनच ठेवलंय.

तर घर बघायला याल तेव्हा खाली उतरून दहा मिनिटं दुकानात उभे राहा, गिऱ्हाइकांशी कसं बोलतात बघा, उधारीचं खातं मिळतं का विचारा, फ्रिज जमिनीवर आहे की स्टँडवर ते बघा, बिल्डिंगची इलेक्ट्रिक रूम कुठल्या मजल्यावर आहे ते नातूरला विचारा. ह्या दुकानाची वेळ सकाळी सहा ते रात्री बारा. शुक्रवारी दुपारी नमाजाला तास-दीड तास बंद असतं, त्या वेळात फोन करू नका, उचलत नाहीत. पाण्याची रिकामी बाटली परत दिली की डिपॉझिट लगेच मिळतं. आणि खुबूस संध्याकाळी पाचनंतर घ्या, तेव्हा ताजं येतं.